चिंगीचे खड्डे: एप्रिल ते आषाढ

एप्रिल, सांगली

पारा चाळिशीला टेकला आणि आमच्या कुत्रीने, चिंगीने, जास्वंदीच्या आळ्याचा ताबा घेतला. खड्डा उथळ, पसरट, जेमतेम तिच्या अंगाएवढा. उकरून झालं की गोल फिरायचं, ओल्या मातीला पोट टेकवायचं आणि मागचे पाय बेडकासारखे ताणून द्यायचे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पोटावर केस विरळ असतात, त्यामुळे तिथून गारवा पटकन लागतो. म्हणजे बाईसाहेबांनी स्वतःचा कूलर खणला होता, त्यावर ओरडून काय होणार?

पेरूखाली विटांची चौकट रचून वाळू भरली, वर गोणपाटाचा आडोसा केला, दुपारी पाणी शिंपडलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मग तिच्या देखत ओढाओढीचा दोर वाळूत अर्धा पुरला, पुढे पूर्ण. तिथे उकरलं की शाबासकी आणि खाऊ. आळ्यात मोठे गोटे मांडले, पाण्याला वाट ठेवून. आता दुपारचा मुक्काम वाळूत.

मे

गुलाबाच्या कुंड्या उपसल्या, त्याही गार सकाळी. कारण नाकाला सापडलं: नुकतंच घातलेलं बोनमील. हाडांचा चुराच तो, कुत्रं सोडेल कसं! आता शेणखतावर भागवतोय.

बागवाल्यांनो, एरंडी पेंड मात्र कुत्र्याच्या घरात आणूच नका. तिच्यात रायसिन हे विष असू शकतं आणि कुत्री ती आवडीने खातात. उलट्या, रक्ताचे जुलाब, प्रसंगी मृत्यू. लक्षणं उशिरा दिसतात, म्हणून खाल्ल्याचा संशय आला तरी लगेच डॉक्टर गाठायचा. मिश्र सेंद्रिय खताच्या पिशवीवरचे घटकही वाचून घ्या.

शेजारच्या काकूंनी मिरचीपूड सुचवली. नाही! नाकाडोळ्यांची आग होईल आणि उकरायचं कारण तसंच राहील.

संध्याकाळी घरी येऊन जुन्या खड्ड्यापाशी नेऊन रागावणं हाही आवडता उपाय. "बघ, चेहऱ्यावरूनच कळतं, चूक माहितीये तिला!" कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच 'अपराधी' चेहऱ्यावर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा दिसत होता. उकरताना पाहिलं तर हाक मारून वाळूकडे न्यायचं, एवढंच मी करतो.

आषाढ

पाऊस लागला आणि खड्डे कंपाउंडच्या भिंतीशी सरकले. हे अरुंद, खोल, तिरके. चिंगी नाक आत खुपसते, फुरफुरते, थांबते, मान कलती करून ऐकते आणि मग दोन्ही पंजे सुटतात, माती थेट तुळशीपर्यंत. आत घूस आहे. इथे वाळूची लालूच चालत नाही, जिवंत शिकारीपुढे दोराची काय किंमत!

विषारी गोळ्या वापरणार नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने रक्त गोठणं बंद होतं, आणि तसा मेलेला उंदीर किंवा घूस कुत्र्याने खाल्ली तर त्यालाही बाधा होऊ शकते. त्यापेक्षा पिंजरा लावलाय. पडके पेरू रोज उचलतो, चिंगीचं ताट रात्री बाहेर ठेवत नाही. रिकामी झालेली बिळं डबर आणि सिमेंटने बुजवली. भिंतीलगत मातीखाली खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आडवी पसरली, तारांची टोकं खाली वळवून, म्हणजे पंजे कापणार नाहीत. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, त्यामुळे त्याची लस वेळेवर घेतली आहे ना हे कार्डावर पाहून घेतलं.

भिंतीची पश्चिमेची बाजू शांत झाली. मागची नाही, तिथे जाळी अजून पोचलेली नाही, म्हणून रात्रीची फेरी पट्टा लावूनच. वाळूच्या चौकटीत पाणी साचतंय आणि चिंगी तिकडे फिरकेनाशी झालीये. पुढच्या रविवारी वाळू उपसून खाली खडीचा थर घालणार आहे.