गडांची यादी ॲटर्समध्ये: फूट-मीटर, जिंजी आणि पायऱ्या

गडकिल्ल्यांची माहिती एक्सेलमधून काढून पायथनच्या क्लासमध्ये बसवायचं काम बरंच पुढे सरकलंय. त्यासाठी ॲटर्स (attrs) ही क्लास लिहायला मदत करणारी लायब्ररी घेतली. तशीच दुसरी लायब्ररी पायडँटिकही चालली असती, पण मला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणारा दुवा) बांधायचा नाही; घरच्या यादीतल्या नोंदी सरळ राहिल्या की झालं. पायथन ३.७ पासून मिळणारे डेटाक्लास ॲटर्सवरूनच सुचलेले, पण ते टाइप (आकडा की मजकूर) नुसता लिहून ठेवतात, तपासत नाहीत. उंचीच्या जागी 'खूप उंच' टाकलं तरी गपगुमान घेतात. ॲटर्समध्ये प्रत्येक फील्डला कन्व्हर्टर (किंमत हव्या रूपात आणणारा) आणि व्हॅलिडेटर (ती तपासणारा) लावता येतो. आधी कन्व्हर्टर चालतो, मग व्हॅलिडेटर. क्लासवर 'डिफाइन' लावलं की नंतर किंमत बदलतानाही दोन्ही पुन्हा चालतात. शिवाय स्लॉट्स (फक्त ठरलेल्या फील्डनाच जागा) असल्यामुळे 'उंची'च्या जागी 'ऊंची' लिहिलं तर नवं फील्ड तयार होत नाही, जागच्या जागी एरर येतो.

सगळ्यात जास्त वेळ उंचीनंच खाल्ला. कन्व्हर्टर म्हणून पायथनचा साधा इंट (मजकुराचा पूर्णांक करणारा) लावलाय, आणि तो देवनागरी अंक आपसूक वाचतो. '१५६७' अशी स्ट्रिंग दिली तरी आकडा हातात येतो. वरची मर्यादा १६४६, कारण कळसूबाईहून उंच गड राज्यात असूच शकत नाही. सर्वांत उंच किल्ला साल्हेर, १५६७ मीटर. त्याच्यापुढे ५१४१ आलं की कुणीतरी फुटांतला आकडा उचललाय हे लगेच कळतं. पण कर्नाळ्यासारखे बुटके गड फुटांतही १६४६च्या आत बसतात आणि तपासणीतून अलगद सुटतात. म्हणून एकक हे आता वेगळं, सक्तीचं फील्ड आहे, डीफॉल्टशिवाय.

प्रकाराचं काम चटकन झालं: गिरिदुर्ग, जलदुर्ग, वनदुर्ग, भुईकोट असा एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी. विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी आहे, तो कुठे घालायचा यावर वाद घालायला मोकळे आहात.

जिल्ह्यासाठी ३६ नावांचा एनम पुरेल असं वाटतं, तो पुरत नाही. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे यांच्या सीमेवर, म्हणजे फील्ड यादीचं हवं; तिथे 'डीप इटरेबल' व्हॅलिडेटर यादीतलं प्रत्येक नाव तपासतो. जुन्या नोंदींत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आहेत, ती नावं कन्व्हर्टरच छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी करतो. आणि मग जिंजी! २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूत. त्या एका किल्ल्यापायी 'राज्य' हे फील्ड आलं, आणि जिल्ह्याची तपासणी राज्य बघून करावी लागली. ॲटर्सच्या व्हॅलिडेटरला अख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे गडाची पूर्ण नोंद मिळते, त्यामुळे हे जमतं. फक्त एनमऐवजी राज्यवार डिक्शनरी ठेवावी लागली.

आता पायऱ्या. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, म्हणून फील्डही मराठीत ठेवलीत. पण 'पायऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एक, मूळचं ऱ अक्षर वापरून. दुसरं, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून. पहिलं चालतं, दुसऱ्यावर पायथन सिंटॅक्स एरर देतो. एडिटरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, कीबोर्डागणिक वेगळे निघतात.

फील्डच्या नावात निदान एरर तरी येतो. डेटात तोही येत नाही. वसंतगड आणि सदाशिवगड, दोन्ही कऱ्हाड तालुक्यातले, पण तालुकावार गट केले की कऱ्हाड दोनदा येतं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणणं) र अधिक नुक्ता (खालचा टिंब) याचा ऱ करतं, जॉइनरला मात्र हात लावत नाही. त्यामुळे सगळ्या नावांना एकच कन्व्हर्टर लावलाय: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त. ज्यांच्या याद्यांत 'दऱ्या' किंवा 'तऱ्हा' आहेत त्यांनी एकदा तपासून बघाच.

पुढचं काम पाण्याच्या टाक्यांचं. पाणी आहे की नाही एवढ्या बूलियनवर भागत नाही. एप्रिलमध्ये गडावर जाणाऱ्याला टाकं कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं आणि पाणी पिता येतं का, हे हवं असतं. त्यामुळे टाक्याचा वेगळा क्लास करून गडात त्याची यादी ठेवणार. जेसन फाइलमधून हे सगळं आत घ्यायला ॲटर्सची जोडीदार लायब्ररी कॅटर्स बघतोय. महिना चैत्र-वैशाख ठेवावा की एप्रिल-मे, यावर अजून घोडं अडलंय. गावातले लोक सांगतात ते पहिल्यात, माझ्या नोंदी दुसऱ्यात.