डबा धुऊन पाठवू नको

शाळेच्या स्मरणिकेच्या मंडळींनी फोनवर सांगितलं, "एखाद्या आवडत्या शिक्षकांवर लिहा." शिक्षकांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी मागच्या बाकावर बसून डुलक्या घेणारा. मला लिहायचंय ते आजीवर. शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात तिचं नाव नाही. एका अर्जावर अंगठा होता, तो कागदही एव्हाना वाळवीच्या पोटात गेला असेल.

आजीला मी आईच म्हणायचो. वडील तिला आई म्हणत, ते ऐकून मीही. जन्म दिलेली ती 'मुंबईची आई'. वडील गिरणीत साच्यावर होते, धाकट्या दोघी बहिणी त्यांच्यापाशी लालबागला. गावाकडची सात एकर खडकाळ जमीन आणि मी, हे दोन्ही म्हातारीच्या वाट्याला आलेलं. तिशीच्या आतच तिचं कुंकू गेलं होतं. चार लेकरांतली दोन जगली, माझे वडील आणि आत्या. त्या दिवसांबद्दल ती बोलायची नाही, मीही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. आमची माणगंगा नदी एरवीही बहुतेक वर्षभर वाळूचीच, त्या साली विहिरींनीसुद्धा तळ दाखवला. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. मुकादमानं मस्टरवर नाव घेतलं की पाटी उचलायची, दुपारनंतर खडी फोडायची. मी खडीच्या ढिगाच्या सावलीला बसून सुकडीचे बकाणे भरायचो. अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी ती खायची. मला मात्र कणगीच्या बुडाला उरलेल्या ज्वारीची अर्धी भाकरी मिळायची. ती अर्धी मी संपवली की नाही, हे ती हात धुवायच्या आधी बघायची. उरलेलं अन्न बघायची तिची खोड तिथलीच असावी. तेव्हा मला तो चिकटपणा वाटायचा.

गावची शाळा सातवीपर्यंत. जून १९७९ मध्ये आई मला घेऊन दहिवडीच्या शाळेत आली. दाखला पदराच्या गाठीला बांधलेला. ऑफिसात ईबीसीचा, म्हणजे फी सवलतीचा, फॉर्म भरताना क्लार्कनं 'पालकाची सही' म्हणून शाईचा पॅड पुढे केला. तिनं अंगठा उठवला आणि शाई डोक्याच्या केसांना पुसली. वर्गातली शहरी मुलं खिडकीतून हसली. मी दोन पावलं बाजूला सरकलो, जणू ती माझी कोणी नव्हेच. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्टँडमागच्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. गाडीनं रोज ये-जा होण्यासारखी नव्हती, परतीची गाडी रात्रीच गावाला पोचायची. सकाळी सहाला गावातली मुक्कामाची गाडी निघे, तिच्यातून डबे येत. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर जर्मनचे डबे फडक्यात बांधून रचलेले असत. कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटनं नाव, कुणाच्या कडीला लाल चिंधी. माझ्या डब्याला चिंधी. नाव लिहून आईला काय उपयोग? सातला स्टँडवर जायचं, भरलेला डबा घ्यायचा, कालचा रिकामा कंडक्टरच्या हाती द्यायचा. तो दिवसभर गाडीबरोबर हिंडून रात्री गावाला पोचायचा. एवढ्या वर्षांत एकही डबा हरवला नाही, की त्याचे कुणी पैसे घेतले नाहीत. मुक्कामाला आलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरला भल्या पहाटे आमच्या चुलीवरचं गरम पाणी आणि चहा मिळायचा, तेवढाच काय तो व्यवहार. एसटीवर आज लोक काहीही बोलतात, मला ऐकवत नाही.

पहिल्याच आठवड्यात आईचा निरोप आला, तोही कंडक्टरच्या तोंडून: "म्हातारी म्हणती, डबा धुऊन पाठवू नको."

खोलीतल्या पोरांनी माझा छळ मांडला. कालवणाचा आंबूस वास रात्रभर खोलीत, वर मुंग्या. पण हुकूम तो हुकूम. शनिवारी गावी गेलो की ती एकेका दिवसाचा हिशेब सांगायची. "मंगळवारी भाकरी कुरतडलीस, ताप होता का?" होता. "बुधवारी चटणी तशीच. तोंड आलं का?" आलं होतं. मी चिठ्ठी लिहिली असती तरी तिला वाचता येणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी चिठ्ठीत 'बरा आहे' एवढंच लिहिलं असतं.

विहिरीच्या पाटाकडेला तिचे दोन वाफे होते. त्यात हमखास शेपू. तिला शेपू जिवापाड आवडे, आणि मला त्याच्या वासानं मळमळायचं. तरी आठवड्यातून एकदा ती शेपू पाठवायचीच, आज ना उद्या खाईल म्हणून. अडीच वर्षं तो शेपू इमानेइतबारे परत गेला.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. माझं दहावीचं वर्ष. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गिरणीत किंवा माथाडीत, त्यामुळे महिन्याभरातच पोस्टमनची चाहूल थंडावली. माझ्या शेजारी वळकटी टाकणाऱ्या मित्राचे वडीलही गिरणीतच. त्याच्या घरी शेत नव्हतं, धान्य मनीऑर्डरीवर यायचं. त्याचा डबा दिवसाआड येऊ लागला, मग बंदच झाला. आम्ही दोघं माझ्या डब्यात खायला लागलो. बोललो कुणालाच नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी भूमितीचा तास चालू होता. दारात आई उभी. नऊवारीचा ओचा खोचलेला, डोक्यावर पाटी, पायात काही नाही. सरांनी "कोण पाहिजे?" असं विचारायच्या आत तिनं वर्गाला विचारलं, "शेपू कोण खातंय?"

वर्ग फुटला. सर खडू हातात धरून तसेच उभे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला शेपू चालत न्हाई. दोन खेपा डबा चाटूनपुसून आलाय. मंग खातंय कोण?" माझ्या शेजारचा हळूच उभा राहिला, एखादी चोरी पकडल्यासारखा. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बस," म्हणाली. "उद्यापासनं दोन डबं येत्याल." पाटीतल्या भाकरी सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि सरांना दम भरला, "मास्तर, पोरं काय खात्यात त्येबी बघत जावा की." सर "हो आजी" म्हणाले. त्या दिवशी मी बाजूला सरकलो नाही. एवढंच माझ्या खात्यावर जमा.

दुसरा डबा मार्चमधल्या शेवटच्या पेपरापर्यंत आला. तो कुठून आला, हे मला मे महिन्यात घरी गेल्यावर कळलं: गोठ्यात शेळी नव्हती. वडील तोवर मुंबईहून परतले होते. चाळिशीचा माणूस दिवसदिवस ओसरीवर बसून भिंतीकडे बघायचा. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि त्यांना गिरणीत पुन्हा कधी घेतलं नाही. आई त्यांना काही बोलायची नाही. जेवणं झाली की त्यांची ताटली स्वतः उचलून चुलीच्या उजेडात न्यायची आणि बघायची. पन्नाशी-साठीतली बाई, आपल्या लेकाच्या ताटलीत किती भाकरी उरली ते मोजत बसलेली. ज्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या हातात नांगर दिला.

मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. १९९५ नंतर पोषण आहाराचे तांदूळ आले, आधी मुलांनी महिन्याला तीन किलो घरी न्यायचे, पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. केंद्रप्रमुख पटसंख्या बघायचे, मी ताटल्या. सहकारी हसायचे. पण घरी भांडण झालेलं पोर, आजारी पोर, रात्री उपाशी झोपलेलं पोर मला हजेरीच्या आधी ताटलीवरून कळायचं. प्रशिक्षणांत असलं काही शिकवत नाहीत.

आई १९९८ च्या पावसाळ्यात अंथरुणाला खिळली. मी बायकोला सांगून ठेवलं होतं, मी शाळेतून येईपर्यंत तिची ताटली घासायची नाही. रोज येऊन बघावं तर ताटली लख्ख. दूधभात संपलेला, भाकरी संपलेली. बरं वाटायचं. मग एका दिवशी बाजारात कोवळा शेपू मिळाला म्हणून बायकोनं मुद्दाम मुगाची डाळ घालून केला. संध्याकाळी ताटली बघितली. दूधभाताचं शीत नाही, आणि शेपू वाढला होता तसा.

खाटेखाली आमची मांजर मिशा चाटत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.