गुडघ्यांवरचे घट्टे

२१ सेकंद. चार महिन्यांपूर्वी हेच १० मीटर चालायला त्याला २८ लागले होते. मी स्टॉपवॉच आईपुढे धरलं. तिने मान डोलावली, बस्स.

सात वर्षांचा मुलगा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे अगदी लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवर झालेला परिणाम; दोन्ही पाय ताठर, वॉकर मागून ओढत चालणारा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एसटीने दीड तास, आठवड्यातून तीनदा. पोचेपर्यंत निम्मा दम बसमध्येच संपलेला.

आम्हा फिजिओथेरपिस्टांमधले काही जण अजूनही नुसते पाय ताणत बसतात. ताठर स्नायूंना जोर दिला की ते आणखी ताठरतात, हा समज कधीच मोडीत निघालाय. ते स्नायू कमजोरही असतात, हेच विसरलं जातं. मी त्याला हात न टेकता स्टुलावरून उठवायचे, आठ-आठच्या तीन फेऱ्या. जमलं की स्टूल दोन बोटं बुटकं. मग घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करायचा, मग १० सेंटीमीटरची पायरी. शेवटी चालणं, दर वेळी चालणंच. मांड्या भरल्या म्हणून चाल आपोआप सुधारत नाही.

त्या दिवशी स्प्लिंट, म्हणजे घोट्याला आधार देणारा पायातला साचा, काढताना पँट वर सरकली. गुडघ्यांवर काळे, जाड घट्टे, एकावर ताजं खरचटलेलं. पावलांच्या वरच्या बाजूलाही तसेच.

"घरी रांगतो?"

"मग काय करणार मॅडम? नुसती स्प्लिंट फरशीवर सटकते. आणि बूट घालून घरात कसं चालेल? देव्हारा समोरच आहे. सासूबाई उंबऱ्यातच काढायला लावतात."

'दिवसभर घालायची' असं स्प्लिंट देणाऱ्यांनी सांगितलं होतं, मीही तेच घोकलं होतं. आपल्याकडे घरात पायात कोण घालतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

आजींना फोन लावला. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कोरे बूट आणा. अंगणात एकदा जरी गेले तरी मग ते बाहेरचे." मी आईला एक नंबर मोठे कॅनव्हासचे बूट घ्यायला सांगितले, स्प्लिंटसकट पाय आत जायला हवा.

चार महिने, आठवड्यातून तीनदा. वाळूची पिशवी बांधताना माझा हात त्या घट्ट्यांच्या जेमतेम वीतभर खाली असायचा.