एक कीबोर्ड, दोघं जण

आज लॅबमध्ये ३० मुलं आणि १५च पीसी चालू ठेवले. मुद्दाम. पहिल्या वर्षाची, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी बॅच. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने शेजारी बसून ओळ न् ओळ वाचायची, खटकलं की तिथंच विचारायचं; दर १५ मिनिटांनी जागा बदलायच्या. टाइप करणारा ड्रायव्हर, वाचणारा नॅव्हिगेटर; याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९९०च्या दशकात केंट बेक या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या शैलीमुळे ही पद्धत नावारूपाला आली, ती कामावरच्या प्रोग्रॅमरसाठी. पण खरी गरज नवशिक्यांना आहे असं मला मनापासून वाटतं.

पाच विषयांच्या गुणांची बेरीज होती, लूप वापरून; म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवायची आणि 'आय'ने फेऱ्या मोजायच्या. एका जोडीचं उत्तर भलतंच मोठं. मुलगा सेमीकोलन तपासत बसला. शेजारची मुलगी सेमिस्टर सुरू झाल्यापासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"अरे, आय शून्यापासून सुरू होतोय ना? मग लेस दॅन ऑर इक्वल टू पाच म्हणजे सहा वेळा फिरणार. सहावा विषय आणला कुठून?"

त्याने 'इक्वल टू' काढलं. ३७२. बरोबर!

हेच मी फळ्यावर कितीदा समजावलंय. तिच्या तोंडून त्याला एका वाक्यात कळलं.

मागच्या एका जोडीत मात्र एकाने तासभर कीबोर्ड सोडलाच नाही, दुसरा नुसता बघत राहिला. माझं लक्ष उशिरा गेलं, त्याचं वाईट वाटतंय. पुढच्या वेळी सारख्या तयारीची मुलं एकत्र बसवणार आणि मोबाइलवर अलार्म लावणार.

तास संपला तरी ती मुलगी उठेना. "मॅडम, टाइप करायची माझी पाळी राहिलीय."