पोस्टातली माझी उमेदवारी

२००९ साली मी विद्यार्थी व्हिसावर इंग्लंडात उतरलो तेव्हा इथले गृहमंत्री होते अ‍ॅलन जॉन्सन. माझ्या लेखी व्हिसा खात्याचे बडे साहेब, एवढंच. पुढे ऑफिसच्या कामाला कंटाळून लंडनजवळच्या स्लाऊमध्ये पोस्टात लागलो. आधी नाताळापुरता, मग कायम.

सुरुवात सॉर्टिंगने. प्रत्येक बीटाची, म्हणजे एका पोस्टमनच्या वाटपाच्या भागाची, एक फ्रेम असते, घरांच्या क्रमाने खाचा असलेली. मी पाकिटावरचा पत्ता अथपासून इतिपर्यंत वाचायचो आणि मागे पडायचो. शेजारच्या फ्रेमवरचे म्हातारबुवा म्हणाले, "नाव वाचू नकोस. नंबर बघ, टाक." आमच्या गावी पोस्टमन नावावरूनच घर ओळखायचा, ती खोड मोडायला मला महिना लागला.

त्यांच्याकडूनच कळलं, की जॉन्सन इथेच पोस्टमन होते. लंडनच्या झोपडपट्टीवजा वस्तीतलं पोर. तेराव्या वर्षी आई गेली. सोळा वर्षांच्या बहिणीने समाजकल्याणवाल्यांशी भांडून घर मिळवलं आणि भावाला सांभाळलं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, १९६८ मध्ये पोस्टाची पिशवी खांद्यावर आली. मग स्लाऊची ब्रिटवेल वसाहत, पदरी लेकरं आणि १९७१ चा ४७ दिवसांचा संप. तो संप फसला, पण जॉन्सन युनियनमध्ये रुतत गेले ते थेट सरचिटणीस होईपर्यंत. १९९७ मध्ये हल शहरातून खासदार. त्यानंतर शिक्षण, आरोग्य, गृह अशी खाती. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला शिक्षणमंत्री! मला हे फार आवडतं. मंत्र्यांच्या वापरातल्या डॉर्नीवूड बंगल्यावर त्यांनी एके काळी टपालही टाकलेलं.

माझी मजल अजून ब्रिटवेलपर्यंतच. तिथल्या काही दारांची टपालफट घोट्याच्या उंचीवर, आत कडक ब्रश. वाकून पत्र सरकवावं, तर पलीकडून कुत्रं ते बोटासकट ओढतं. दुसऱ्याच आठवड्यात मधलं बोट फुटलं. म्हातारबुवांनी खिशातून प्लास्टिकची चपटी पट्टी काढून दिली, "हिने ढकलायचं. बोट घरी ठेवायचं."

पट्टीवर दातांच्या खुणा होत्या. परवा नव्या पोराला तीच दिली. आता माझ्याही काही खुणा आहेत तिच्यावर.