फॅरामिर जिथे अवतरला ते घर

बॅनबरी रोडवरून किडलिंग्टनकडे जाणारी बस ऑक्सफर्ड सोडायच्या बेतात असते, तिथे वुल्व्हरकोटची दफनभूमी लागते. आत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे लेखक टॉल्कीन यांच्या कबरीकडे नेणाऱ्या छोट्या पाट्या आहेत, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. करड्या ग्रॅनाइटवर पत्नी एडिथच्या नावाखाली ‘लूथिएन’ आणि त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ असं कोरलंय. ती 1971 मध्ये गेली, ते 1973 मध्ये. स्वतःच्या कथेतल्या प्रेमिकांची नावं कबरीपर्यंत सोबत नेणारा हा लेखक आपल्या पात्रांकडे कसा बघत होता, ते त्यांच्या पत्रांतून वाचलं होतं. पण ती पत्रं लिहिली त्या घरासमोर एकदा उभं राहायचं होतं.

सोबत माझी भाची होती. ती रेडिंगला शिकते. पुस्तक वाचलेलं नाही, पण पीटर जॅक्सनचे तिन्ही चित्रपट तिला तोंडपाठ.

परतीच्या बसने मध्येच उतरून आम्ही नॉर्थमूर रोड गाठला. शांत गल्ली, मोठी झाडं, मोठी घरं. 20 क्रमांकाचं घर मुळात ऑक्सफर्डचे प्रसिद्ध पुस्तकविक्रेते बेझिल ब्लॅकवेल यांच्यासाठी बांधलेलं. टॉल्कीन कुटुंब इथे 1930 ते 1947 राहिलं. भिंतीवर गोल निळी पाटी आहे. आत कुणीतरी राहतं, तेव्हा फुटपाथवरूनच बघायचं.

1944 चा वसंत. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि वडील त्याला पत्रांसोबत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची नवी प्रकरणं पाठवत होते. एका पत्रात ते लिहितात की आता दोन गोष्टी कळायला हव्यात: पौर्णिमा जवळ येताना चंद्र रोज किती उशिरा उगवतो, आणि सशाचा रस्सा कसा करतात. थोड्याच दिवसांनी दुसरं पत्र: एक नवं पात्र आलंय, मी ते घडवलेलं नाही, मला ते नकोही होतं, पण आवडलंय, इथिलियनच्या रानात चालत चालत आलं. तो फॅरामिर. पुस्तक 1937 च्या डिसेंबरात सुरू झालेलं, म्हणजे सहा वर्षं उलटून गेल्यावर हा माणूस आला.

पात्रं आपणहून चालत येतात, हे सगळेच लेखक मोठ्या प्रेमाने सांगतात. मला मात्र त्या सशाचं अप्रूप वाटतं. कादंबरीत मोहात पाडणारी घातक अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम फॅरामिरच्या माणसांना सापडतात ते सॅमच्या चुलीच्या धुरामुळे. चूल पेटते कारण ससे मिळालेत, आणि सॅमला ते रांधायचेच आहेत, कारण ओसाड मुलुखातून उपाशीतापाशी आलेल्या फ्रोडोची त्याला काळजी आहे. रस्सा नीट शिजला नसता तर फॅरामिर आला असता का? मला नाही वाटत. पात्र न बोलावता येतं हे खरं, पण त्याच्या पायाखालची वाट लेखकाने आधी इंच इंच मोजलेली असते. टॉल्कीन आधी नकाशा करायचे आणि गोष्ट त्यात बसवायचे. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पात्रांना एकाच रात्री वेगवेगळा चंद्र दिसतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी तारखांची पुन्हा जुळवाजुळव केली.

कादंबरीत पुढे राजा होणाऱ्या स्ट्रायडरचंही तसंच. सरायीच्या कोपऱ्यात बसलेला हा माणूस कोण, हे फ्रोडोइतकंच आपल्यालाही ठाऊक नव्हतं, असं त्यांनी पुढे कवी ऑडेनला लिहिलं. पहिल्या खर्ड्यांत तो ट्रॉटर नावाचा, लाकडी जोडे घालणारा हॉबिट, म्हणजे फ्रोडोसारखाच बुटक्या जमातीतला, होता! राजा व्हायला त्याला कितीतरी खर्डे लागले. कादंबरी संपल्यावर ती बरीचशी उलट्या दिशेने पुन्हा लिहावी लागली, आणि टंकलेखकाला द्यायला पैसे नसल्यामुळे टंकनही त्यांनी स्वतःच केलं. ती हस्तलिखितं आता ऑक्सफर्डमध्ये नाहीत. 1957 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मार्क्वेट युनिव्हर्सिटीने ती 1500 पौंडांना घेतली.

‘ईगल अँड चाइल्ड’ हा इंकलिंग्ज, म्हणजे टॉल्कीन आणि त्यांच्या लेखकमित्रांच्या मंडळाचा पब 2020 मध्ये बंद पडला, म्हणून सेंट जाइल्सवर बाहेरूनच पाहिला. तिथेच आमचं जुंपलं.

“मावशी, फॅरामिर अंगठीला भुललाच नाही असं दाखवलं, तर प्रेक्षकाला अंगठीची भीती कशी वाटणार?”

पटकथाकारांनीही हेच कारण दिलं होतं. 2002 च्या चित्रपटात फॅरामिर फ्रोडोला ऑस्गिलियथ या शहरात ओढत नेतो आणि मग सोडतो. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो, ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. थोरला भाऊ बोरोमिर याच मोहाने गेलाय. धाकटाही घसरून सावरला, तर दोघा भावांत उरलेला फरक फारच थोडा. टॉल्कीन म्हणत, माझ्यासारखं कुणी असेल तर तो फॅरामिर, फक्त त्याच्यातलं धैर्य माझ्यात नाही. जमीन गिळत येणाऱ्या प्रचंड लाटेचं स्वतःचं स्वप्नही त्यांनी त्यालाच दिलं.

या कादंबरीवरच्या एका अमेरिकी पटकथेचा मसुदा त्यांच्याकडे आला होता. त्यावरचं त्यांचं 1958 चं पत्र माध्यमांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. गोष्ट सांगण्याचे नियम माध्यम बदललं म्हणून पुरते बदलत नाहीत, आणि मूळ गाभा कुठे आहे हे न कळल्यामुळे चित्रपट फसतात, असं त्यांचं म्हणणं. सगळंच चेपून बसवण्यापेक्षा काही भाग सरळ कापलेला त्यांना चालणार होता. हॉर्नबर्गची (चित्रपटातली हेल्म्स डीपची) लढाई आणि एंट, म्हणजे ते चालतेबोलते वृक्ष, दोन्ही मावत नसतील तर लढाई गाळा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

“हेल्म्स डीप गाळायचं?” भाची जवळजवळ ओरडलीच.

ती लढाई मीही श्वास रोखून पाहिली आहे. पण एंटांचं काय झालं ते बघ, मी म्हटलं. पुस्तकात ते सभा भरवून, सावकाश विचार करून स्वतःच युद्धाला निघतात. चित्रपटात आधी नकार देतात, मग पिप्पिन त्यांच्या म्होरक्याला तोडलेली झाडं दाखवतो तेव्हा उठतात. फॅरामिरचंही तेच. दोघांनाही आधी चुकायला लावलंय, मग बाहेरून धक्का दिलाय. ज्यांचं मन आधीच ठरलंय अशी माणसं पटकथेला नको होती.

“मग गोष्ट हलणार कशी?”

“फ्रोडो हलतो ना! बोरोमिरनंतर त्याचा माणसांवरचा विश्वास उडालाय. तो विश्वास बोरोमिरच्याच भावामुळे परत येतो.”

ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ब्लॅकवेलच्या दुकानात तिने पहिला खंड बाजूला ठेवून थेट दुसरा उघडला आणि फॅरामिरचं ते बोलणं उभ्याउभ्याच वाचून काढलं. म्हणाली, “हे पडद्यावर जमेल. नट मात्र चांगला हवा.” चित्रपटात फॅरामिर झालेल्या डेव्हिड वेनहॅमला ते नक्की जमलं असतं, असं माझं ठाम मत आहे.