पेटीतला तराजू

राइट बंधूंचे नाव निघाले की सर्वांना १७ डिसेंबर १९०३ चे उड्डाण आठवते. माझे मन मात्र दरवेळी त्याच्या दोन वर्षे आधीच्या, अमेरिकेतील डेटन येथील त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या एका लाकडी पेटीकडे वळते.

१९०१ च्या उन्हाळ्यात किटी हॉक या समुद्रकिनारी गावी त्यांच्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाला, गणिताने सांगितलेल्या उचलीच्या (वर उचलणाऱ्या बळाच्या) जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली होती. पंख चुकले की आकडे, याचा निकाल लावण्यासाठी त्यांनी ६ फूट लांब आणि १६ इंच चौरस तोंडाची पेटी बनवली आणि दुकानातल्या इंजिनावर चालणारा पंखा तिच्या एका टोकाला बसवून आतून वारा वाहता केला. यालाच आपण विंड टनेल किंवा वातविवर म्हणतो. पहिले विंड टनेल त्यांचे नव्हे. तो मान इंग्लंडच्या फ्रँक वेनहॅम यांचा, साल १८७१.

माझ्या दृष्टीने खरी करामत होती ती पेटीच्या आतल्या तराजूची. करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून घडवलेल्या या तराजूच्या वरच्या दांडीवर पत्र्याचा चिमुकला पंख उभा बसवलेला असे आणि खालच्या दांडीवर वाऱ्याला सामोऱ्या सपाट पट्ट्या. पंखाची उचल तराजूला एका बाजूला ओढी, पट्ट्यांवरचा दाब त्याला मागे रेटी, आणि दोन्ही बळे जिथे तुल्य होत तिथे काटा स्थिरावे. वाऱ्याचा वेग थोडा कमीजास्त झाला तरी दोन्ही बळे सारख्याच प्रमाणात बदलत असल्यामुळे काट्याचा कोन ढळत नसे. वाऱ्याचा वेग अचूक मोजणे कठीण होते, म्हणून त्यांनी मापनातून त्याची गरजच काढून टाकली! ही युक्ती मला आजही थक्क करते.

सुमारे २०० आकार तपासल्यावर स्पष्ट झाले की मुख्य दोष हवेच्या दाबाच्या गुणांकात, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून दाब काढण्यासाठी वापरायच्या आकड्यात, होता. अठराव्या शतकातले इंग्रज अभियंते स्मीटन यांच्या काळापासून, म्हणजे शतकाहून अधिक काळ, ०.००५ हा आकडा निमूटपणे वापरला जात होता. खरा आकडा ०.००३३ च्या आसपास निघाला. ग्लायडर उडवणारे जर्मन संशोधक लिलिएंथाल यांच्या उचलीच्या ज्या कोष्टकांवरून राइट बंधूंनी गणित केले होते आणि ज्यांच्यावर संशय घेतला गेला होता, ती बरीचशी बरोबर होती.

लांब आणि अरुंद पंख अधिक चांगले, हेही त्या पेटीनेच दाखवले. १९०१ चा पंख २२ फूट लांब व ७ फूट रुंद होता. १९०२ चा ३२ फूट लांब आणि ५ फूट रुंद झाला, आणि त्याच वर्षी त्या पंखांवर ६०० फुटांहून लांब झेप साधली.